गोल वाचवणाऱ्याची किंमत कधी कळणार?

आज फुटबॉलच्या मैदानावर एक बाप पोराला ओरडत होता, "मागे काय उभा राहिलायस, पुढे जा, गोल मार!" पोरगं सेंटर बॅक, म्हणजे मागे मधोमध राहून अडवणारा डिफेंडर, बरोब्बर आपल्या जागी, समोरच्या स्ट्रायकरवर, म्हणजे गोल मारणाऱ्यावर, नजर ठेवून उभं. डोकंच फिरलं माझं.

म्हणजे ज्याला काही जमत नाही तो मागे, असंच ना? आमच्या कॉलेजच्या टीममध्ये एक स्टॉपर होता, म्हणजे असाच मागे अडवणारा. फायनल १-० ने जिंकलो. शेवटी शेवटी त्याने गोललाइनवरून बॉल डोक्याने बाहेर काढला, खांदा पोस्टवर आपटला. आणि शिट्टी वाजल्यावर खांद्यावर कोणाला घेतलं? स्ट्रायकरला! हा बाजूला बसून बुटाच्या लेस सोडत होता.

मोठ्या फुटबॉलमध्येही तेच. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर पुरस्कार १९५६ पासून देतायत, आणि डिफेंडर किती? बेकेनबाउर, सामर, कानावारो. संपली यादी. २०१९ ला डिफेंडर व्हॅन डाइकचा मतदानात सात पॉइंटांनी हुकला. अरे, कानावारोच्या इटलीने २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये सात मॅचमध्ये दोन गोल खाल्ले, एक ओन गोल, म्हणजे आपल्याच माणसाकडून आपल्याच जाळ्यात, दुसरा झिदानची पेनल्टी, म्हणजे चालू खेळात समोरच्या कुणालाच जमलं नाही! आणि लिव्हरपूलने २०१३-१४ ला १०१ गोल मारले, ५० खाल्ले, क्रिस्टल पॅलेसवर ३-० ने पुढे असून ३-३ करून आले, लीग गेली.

हो, मान्य, गोल मारणं जास्त अवघड आहे आणि नुसतं अडवून ०-० च होणार. पण म्हणून अडवणारा फुकटचा?

आमचा तो स्टॉपर टॅकल फार करायचाच नाही. दोन पावलं आधीच सरकायचा, अंग थोडं तिरकं, मग समोरचा आपोआप कमजोर पायावर जायचा, बॉल कडेला. बघणाऱ्याला वाटायचं काही झालंच नाही. किती सुंदर खेळायचा यार तो.

रिअल माद्रिदने २००३ ला मधल्या फळीत अडवायचं काम करणाऱ्या मॅकेलेलेला विकलं, त्याच उन्हाळ्यात स्टार बेकहॅमला आणलं, पुढची लीग जिंकली थेट २००७ ला. आमचंही तसंच. पुढच्या वर्षी आमचा स्टॉपर पास होऊन गेला, स्ट्रायकर तोच होता, पहिल्याच मॅचला आम्ही तीन गोल मारले आणि ४-३ ने हरून घरी आलो.