खुलासा: मुक्त सॉफ्टवेअर विकता येतं, आणि त्यावर कॉपीराइटही असतो

‘मुक्त सॉफ्टवेअरवर कुणाचाच हक्क नसतो, आणि त्याचे पैसे घेणं बेकायदा आहे’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही विधानं चुकीची आहेत. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कुणालाही वापरता, बदलता आणि पुढे वाटता येतं असं सॉफ्टवेअर.

पैशांचं आधी सांगतो. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा मुक्त प्रोग्रॅम टेपवर भरून १५० डॉलरला विकत होते. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्याने गोंधळ होतो. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे वेगळे शब्द असताना तो व्हायला नको. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९९१ च्या पहिल्या परवान्यात पैसे घ्यायला मनाई होती हे खरं, पण १९९२ मध्ये ती काढून जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना घेतला गेला.

आणि जीपीएल उभा आहे तो कॉपीराइटच्याच बळावर. बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, तर त्याचा सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूरही, द्यावा लागतो. ही अट मोडली की परवानगी संपते, उरतं ते कॉपीराइटचं उल्लंघन. मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या फायली मूळ लेखकांची नावं काढून वापरल्या गेल्या, तेव्हा २००८ मध्ये अमेरिकेतल्या फेडरल अपील न्यायालयाने नेमकी हीच भूमिका घेतली. लेखकाचं नाव पुसणाऱ्या माणसाला ‘मुक्त आहे’ ही सबब तिथे पुरली नाही.