कॉर्डोबाच्या मशिदीचं चित्र आणि त्याखालचा मजकूर

स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या मशिदीचं आतलं रेखाचित्र बऱ्याच जणांनी पुढे पाठवलंय. चित्र सुरेख आहे. खालचा मजकूर मात्र म्हणतो: दुमजली कमानी म्हणजे खजुराचं बन, लाल-पांढरे पट्टे म्हणजे रक्त आणि शांती, आणि मिहराब म्हणजे मशिदीचा गाभारा.

खजुराचा दावा अगदीच हवेतला नाही. ७८५-८६ च्या सुमारास ही मशीद बांधायला घेणारा इथला राज्यकर्ता अब्द अल-रहमान पहिला सीरियातून जीव वाचवून आलेला. परमुलखातल्या खजुरावर त्याच्या नावे कविताही आहे. पण कमानी दुमजली का, ते चित्रातल्या खांबांनाच विचारा. एक गुळगुळीत, दुसरा पीळदार. माथ्यावरची नक्षीही वेगवेगळी. हे जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक (मुस्लिमांआधी स्पेनवर राज्य करणाऱ्या लोकांच्या) इमारतींतून आणलेले खांब, एवढ्या मोठ्या दालनाला तोकडे पडणारे. म्हणून त्यांच्यावर आणखी चौकोनी खांब चढवले आणि छताचा भार वरच्या कमानींवर घेतला. खालच्या कमानीवर बघा, नुसती पोकळी आहे. तिच्यावर भिंत नाहीच. खांब हलू नयेत म्हणून ती त्यांना बांधून धरते. गवंड्याची ही अक्कल मला कुठल्याही बनापेक्षा मोठी वाटते.

पट्ट्यांचं उत्तर सोपं आहे. लाल ती वीट, पांढरा तो दगड. दहाव्या शतकाच्या अखेरीस इथला सर्वेसर्वा कारभारी अल-मन्सूर याने वाढवलेल्या भागात तर सगळा दगडच आहे, लाल पट्टे वरून रंगवलेले. विटा नसल्या तरी ते रूप त्यांना हवं होतं.

‘गाभारा’ हा शब्द मात्र फार खटकतो. मिहराब नमाजाची दिशा दाखवतो, बस. तिथे मूर्ती नसते, पूजेची वस्तू नसते. गोंधळ का होतो, तेही कळतं: इतरत्र तो भिंतीतला कोनाडा असतो, इथे ती शिंपल्यासारख्या छताची छोटी खोलीच आहे. दहाव्या शतकात खलिफा अल-हकम दुसऱ्याने ती बांधवली. बाहेरच्या सोनेरी कुट्टिमचित्रांसाठी (मोझेकसाठी) कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राटाकडून काचेचे तुकडे आले. एवढ्या थाटाची चौकट, आणि आत रिकामी जागा. मदिनेतल्या पैगंबरांच्या मशिदीत तर सुरुवातीला असा कोनाडाही नव्हता. तो आठव्या शतकाच्या आरंभी, पुनर्बांधणीच्या वेळी आला.

अर्थ सांगायचाच होता तिथे त्यांनी तो सरळ लिहून ठेवलाय: मिहराबाच्या कमानीभोवती, कूफी या कोनदार अरबी लिपीत, कुराणातली वचनं. आपल्या चित्रात नेमकी तीच अक्षरं नागमोडी रेघांनी उरकली आहेत.