कुत्री जंगलात नेऊन सोडा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या सोसायटी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिला आहे, नसबंदी म्हणजे पैशाची नासाडी, ते कुत्रं नंतरही चावतंच, सगळी गाडीत भरा आणि उमरेडकडच्या जंगलात सोडा, आठवड्यात शहर मोकळं. खाली फुकटचा सल्ला, चावलं तर मिरची लावा. चावे खरे आहेत, लेकरांच्या आईबापाची भीतीही खरी आहे, पण उपाय साफ चुकीचा आहे.

जंगलाचंच आधी घ्या. तिथल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघ आहेत हो! कुत्र्यांमुळे डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा व्हायरस जंगली प्राण्यांत जाऊ शकतो, 2018 मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हा हाच व्हायरस सापडला होता. आणि केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं जिथून उचललं तिथेच नसबंदी आणि लस करून परत सोडायचं असतं.

शहर मोकळं होईल म्हणे. रविवारी दुपारी कोणत्याही चिकन-मटणच्या दुकानामागे जाऊन पाहा, आतडी, पिसं, फाटलेल्या पन्न्या, हे खाणं जोवर तिथे आहे तोवर जागा रिकामी राहत नाही, शेजारच्या वस्तीतली बिनालसीची कुत्री येऊन बसतात. मद्रासमध्ये पालिकेने कितीतरी वर्षं कुत्री मारली, संख्या काही घटली नाही, शेवटी 1996 मध्ये नसबंदी सुरू करावी लागली.

आता नसबंदी. फसते ती अर्धवट केलेली. कुत्री साधारण 63 दिवसांत विते, वर्षातून दोनदाही, एका वेळी चार-सहा पिल्लं, मग वस्तीतल्या दहापैकी तिघींचंच ऑपरेशन केलं तर बाकीच्या सगळं भरून काढतात. म्हणून एक वस्ती धरायची, कानाला कट (नसबंदी झाल्याची खूण) नसलेलं कुत्रं शोधून शोधून उचलायचं, मगच पुढच्या वस्तीत जायचं. आणि चावण्याचं म्हणाल तर माजावरच्या कुत्रीमागे नरांचा घोळका भांडतो तेव्हा मधे सापडणारा माणूस चावला जातो, नाहीतर पिल्लंवाली कुत्री पिंढरी धरते, ऑपरेशननंतर ही दोन्ही कारणं जातात. रेबीजसाठी मात्र लसच पाहिजे, 70 टक्के कुत्र्यांना दरवर्षी, गोव्याने तसं केलं आणि 2021 मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं.



आणि ती मिरची अजिबात लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवा, त्याच दिवशी दवाखान्यात जा, रक्त आलं असेल तर लसीसोबत सिरमही (जखमेत देतात ते तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) मागा, कारण रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही.