स्प्रे गनच्या त्या मेसेजला काउंटरमागून उत्तर

गेल्या दोन महिन्यांत निदान पंधरा जणांनी माझ्यापुढं मोबाइल धरून तोच मेसेज दाखवलाय. वर एक व्हिडिओ. हिरवट, गंज खाल्लेलं कपाट, समोरून एक हात येतो, फुस्स फुस्स, आणि चाळीस सेकंदांत कपाट नवंकोरं. खाली मजकूर असा:

"पेंटरला पाच हजार कशाला घालवता? अठराशे रुपयांची इलेक्ट्रिक स्प्रे गन घ्या. जुना रंग घासायची गरज नाही. कुठलाही रंग दुधाइतका पातळ केला की चालतो. ब्रशपेक्षा निम्माच रंग लागतो. एका हातात कारखान्यासारखं फिनिश. घरातल्या घरात अर्ध्या तासात काम. कोल्हापुरात कुंभार गल्लीत गणपती असेच रंगवतात! सगळ्यांना पाठवा."

मी रंगाच्या दुकानात एकोणीस वर्षं काउंटरवर उभा आहे आणि रविवारी जमेल तसा स्वतःही स्प्रे मारतो. गनशी माझं वैर नाही. उलट गन खपली तर दुकानाचाच फायदा. पण मेसेज वाचून गन नेलेली माणसं आठ-दहा दिवसांनी परत येतात तेव्हा मोबाइलमध्ये दुसराच फोटो असतो. म्हणून त्या मजकुरातलं एकेक वाक्य घेतो. क्रम माझा.

"जुना रंग घासायची गरज नाही."

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं केलंय. परवा राजारामपुरीतले एक सर आले. खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून रंगाचा पापुद्रा. पोस्टकार्डाएवढा, अखंड. उलटा करून बघितला तर मागची बाजू आरशासारखी गुळगुळीत, जुन्या हिरव्या रंगाचा कणसुद्धा चिकटलेला नाही. लेकीनं कपाटावर वेळापत्रक चिकटवलं होतं, ते काढताना चिकटपट्टीबरोबर रंगही निघून आला म्हणाले.

ब्रशवाला रंग नुसता लावत नाही, तो रगडतो. केसांच्या टोकांनी रंग बारीकसारीक खाचांत जातो, थोडीफार धूळ-तेल असलं तरी त्यात मिसळून जातं. फवाऱ्याचे थेंब अलगद येऊन बसतात. खाली चकचकीत ऑइलपेंट असेल तर त्यांना धरायला काही नसतं. म्हणजे स्प्रेला घासकाम ब्रशपेक्षा जास्त लागतं. मेसेज नेमकं उलटं सांगतो.

त्यातही आधी धुणं, मग घासणं. हा क्रम चुकला तर तेलाचा थर घासायच्या पेपरनं अजून आत चोळला जातो. कपाटाची मूठ आणि तिच्या आजूबाजूचा वीतभर भाग बघा; वीस वर्षांचं खोबरेल तेल तिथं बसलेलं असतं. लाकडी फर्निचरला कधीकाळी मारलेली चकाकीची फवारणी तर त्याहून वाईट. तिच्यातलं सिलिकॉन राहिलं की ओला रंग तिथून मागं सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. वरून कितीही मारा, भरत नाहीत. साबण-सोड्याच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळू द्या, १८० किंवा २२० नंबरच्या पेपरनं चकाकी मारून टाका. गंज असेल तिथं पत्रा दिसेपर्यंत खरवडून रेडऑक्साइड (गंज रोखणारं तांबडं अस्तर), खड्डे असतील तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, ती वाळली की ३२० चा पेपर. गन अजून खोक्यातच आहे, लक्षात घ्या.

आणि कपाट आजोबांच्या वेळचं असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ९० भागांच्या आत हवं, हा नियम आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात काय होतं ते डबा बघून कळत नाही आणि डबा आता कुणाकडं नसतो. वॉटर पेपर घ्या, पाणी लावून घासा, चिखल चिंध्यांनी पुसून घ्या, लहान पोरांना लांब ठेवा.

"कुठलाही रंग दुधाइतका पातळ केला की चालतो."

कुठल्या दुधाइतका? गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळून देतात त्या म्हशीच्या, की पिशवीतल्या? चेष्टा नाही, कोल्हापुरात या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रंगाचा पातळपणा मोजायला साधं भांडं मिळतं. आमच्याकडं त्याला बी-फोर कप म्हणतात. शंभर मिलिलिटरचा कप, तळाला साधारण चार मिलिमीटरचं भोक. भोकावर बोट धरून काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. स्प्रेसाठी बहुतेक रंग २० ते ३० सेकंदांच्या आसपास लागतात. नेमका आकडा डब्यावर किंवा कंपनीच्या पत्रकात असतो. त्याहून जाड असला की गन थुंकल्यासारखी गोळे टाकते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. फार पातळ केला की उभ्या बाजूवरून ओघळ. ओघळ ओला असताना पुसायला गेलात तर मेलात. वाळू द्या, घासा, पुन्हा मारा.

पातळ कशानं करायचं हा वेगळाच घोळ. ऑइलपेंटला टर्पेंटाइन, एनसीला (नायट्रोसेल्युलोज रंगाला) एनसी थिनर, पीयूला (पॉलियुरेथेनला) पीयूचं. "थिनर द्या" म्हणून बाटली नेणारे कुठल्या रंगाचं ते सांगत नाहीत. आम्ही विचारलं तर वैतागतात. गेल्या दिवाळीआधी एकानं जुन्या ऑइलपेंटच्या कपाटावर सरळ एनसीचा रंग फवारला. त्यातल्या कडक थिनरनं खालचा रंग फुगवला आणि अख्ख्या दारावर तापवलेल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. (दूध शेवटी आलंच.) सगळं खरवडून काढायला त्याला तीन दिवस गेले.

"ब्रशपेक्षा निम्माच रंग लागतो."

हिशोब करू. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल कपाट. समोरची बाजू, दोन कडा आणि वरचा पत्रा मिळून साधारण ४४ चौरस फूट, म्हणजे चार चौरस मीटर. चांगला ऑइलपेंट गुळगुळीत पत्र्यावर लिटरमागं दहा चौरस मीटरच्या घरात जातो. ब्रशनं एका हाताला ४०० मिली. ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग कपाटावरच जातो. खाली पडेल तो चार थेंब.

गनमधून निघालेला सगळा रंग कपाटावर बसत नाही, काही हवेत जातो. कमी दाबाच्या, म्हणजे एचव्हीएलपी म्हणून विकल्या जाणाऱ्या चांगल्या गनमध्ये नॉझलच्या टोपीपाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला १० पौंडांच्या) आत असतो, आणि सरावाच्या हातात ६५ टक्क्यांच्या आसपास रंग वस्तूवर बसतो. तेवढाच जाड थर हवा तर ४०० मिलीसाठी ६१५ मिली ओतावा लागेल. जुन्या पद्धतीच्या जास्त दाबाच्या गनमध्ये हेच प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत खाली येतं. तिथं एका हाताला सव्वा लिटरच्याही वर. मग "निम्मा" आला कुठून? थर निम्मा बसला तर निम्माच लागणार. तो वर्षभरात खालचा रंग दाखवायला लागतो.

"एका हातात कारखान्यासारखं फिनिश."

स्टीलचं कपाट कारखान्यातून येतं तेव्हा त्यावर बहुतेक वेळा पावडर कोटिंग असतं. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत एखाद्या फॅब्रिकेटरकडं ओळख काढून बघून या. पत्रा आधी तेल-गंज काढायच्या आणि फॉस्फेटच्या टाक्यांतून जातो, मग विद्युतभारित कोरडी पावडर त्यावर चिकटते, आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती वितळून एकजीव होते. गन त्या कामातली सगळ्यात सोपी पायरी. टाकी आणि भट्टी तुमच्या बाल्कनीत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. सपाट दारावर नीट मारलेला स्प्रे ब्रशपेक्षा देखणाच दिसतो. ब्रशच्या रेघा नसतात. पण "नीट" म्हणजे गन पृष्ठभागापासून एक वीत, मनगट न वळवता हात सरळ रेषेत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, आणि ट्रिगर कडेच्या आधी दाबून कडेच्या पुढं सोडायचा. माणूस साहजिकच हात झाडूसारखा अर्धगोल फिरवतो. मग मधे ओघळ आणि दोन्ही कडांना खरखरीत. पुठ्ठ्यावर दोन तास सराव केल्याशिवाय हे सुटत नाही. आणि हात एक नाही, दोन-तीन पातळ.

शिवाय आपला पावसाळा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली त्याच दिवशी मी शहाणपणा करून भाचीच्या अभ्यासाच्या सागवानी टेबलावर एनसी लॅकर मारलं होतं. बाहेर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघालेली, हवा पिळून काढावी इतकी ओली. दहा मिनिटांत टेबलावर कुणीतरी दुधाचा हात फिरवल्यासारखी पांढरी झाक. थिनर भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं पाणी तिथंच बसतं, हे मी गिऱ्हाइकांना कितीदा तरी सांगितलं होतं! शेवटी कोरडा दिवस मिळाल्यावर सावकाश उडणाऱ्या रिटार्डर थिनरचा हलका फवारा देऊन झाक घालवली. भाची अजून त्याला "मामाचं धुक्याचं टेबल" म्हणते. कॉम्प्रेसर असेल तर पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं तेही रोज खालून सोडावं लागतं, नाहीतर ते रंगातून फोड होऊन वर येतं.

"घरातल्या घरात."

नको. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फरशीवरून सरपटत देवघरातल्या निरांजनापर्यंत, शेगडीपर्यंत, गॅस गिझरपर्यंत पोहोचते. फ्रिज चालू-बंद होतानाची ठिणगीही तिला पुरते. आणि अठराशेच्या इलेक्ट्रिक गनमध्ये मोटर हातातच असते. अशा बऱ्याच गनच्या पुस्तिकेत चटकन पेट घेणारे द्रव टाकू नका असं लिहिलेलं असतं. एनसी थिनर त्यातलंच. ती पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते.

पीयूत मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांनी दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर चिडलं की पुढं थोड्या मात्रेनंही त्रास होतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोविडमध्ये उरलेला मास्क इथं काही कामाचा नाही. साध्या ऑइलपेंटलाही वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. पीयू घरी मारूच नका, एवढंच मी सांगतो आणि विकताना शिव्या खातो.

मग गच्चीवर? वारा बघून. ऑइलपेंटचे थेंब हवेत वाळत नाहीत, ओलेच जाऊन बसतात. खालच्या पार्किंगमधल्या शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर तपकिरी रवा पसरला की पेंटरचे वाचवलेले पाच हजार तिथंच फिटतात.

"कुंभार गल्लीत गणपती असेच रंगवतात."

रंगवतात, खरंय. शाहूपुरीत, गंगावेशीत, बापट कॅम्पला चतुर्थीआधी जाऊन बघा, गन दिवसरात्र चालू असतात. पण तिथं एका रंगाच्या पन्नास मूर्ती रांगेत असतात. गन एकदा भरली की पितांबरं संपेपर्यंत धुवावी लागत नाही. प्लास्टर रंग पिऊन घेतं, पत्रा पीत नाही. गोलाईवर थोडं कमी-जास्त झालं तर ती छटा म्हणून खपते, कपाटाच्या सपाट दारावर तोच डाग दिसतो. आणि त्याच कारागिराला डोळे आखताना बघा. हातात गन नसते.

घरात याच हिशोबानं बघा. वेताच्या खुर्च्या, जाळीचं दार, झोपाळ्याच्या कड्या, गजांच्या सहा एकसारख्या खुर्च्या, कोरीवकाम, इथं गनला तोड नाही; ब्रशनं जीव जातो आणि कोपरे तरी राहतातच. फ्लॅटमधल्या एकट्या कपाटाला चार इंची फोम रोलर आणि मागोमाग मऊ ब्रशचं हलकं टोक पुरतं.

"अर्ध्या तासात काम."

मागच्या महिन्यात बाल्कनीतल्या चार लोखंडी खुर्च्या केल्या, तेव्हा मुद्दाम घड्याळ लावलं. धुणं आणि वाळवणं सोडून, खरवडणं-घासणं दोन तास चाळीस मिनिटं. रेडऑक्साइडचा हात, मग रात्रभर थांबणं. कागद आणि टेप लावायला पन्नास मिनिटं. रंग बी-फोर कपात मोजून जुन्या ओढणीतून गाळायला पंधरा. प्रत्यक्ष फवारणी अकरा मिनिटं. व्हिडिओत दिसतात ती हीच अकरा. नंतर गन सुटी करून धुवायला चाळीस मिनिटं. नॉझलची टोपी, सुई, कप, सगळं. यात एक दिवस आळस केला तर रंग सुईभोवती दगड होतो आणि अठराशेची गन भंगारात.

हे सगळं परवा एका पोराला सांगितलं. गन त्यानं आधीच मागवलेली. शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "मामा, धुवायला थिनर किती लागंल?"

"दर खेपेला अर्धा लिटर धर."

"ते मेसेजमधी नव्हतं की."

"न्हवतंच," म्हटलं, आणि त्याच्यापुढं २२० नंबरचे सहा पेपर मोजून ठेवले.