मॉरिशसला सैन्य नाही, म्हणून तो नि:शस्त्र ठरत नाही

‘सैन्य नसलेले देश’ अशी एक यादी समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असते. तीत मॉरिशसच्या नावापुढे साधारण असा मजकूर असतो: हा देश नि:शस्त्र आहे, संरक्षणावर त्याचा पैसा खर्च होत नाही, तिथले पोलीस पंतप्रधानांच्या हुकुमाने चालतात आणि त्याचा समुद्र भारतीय नौदल राखते. मॉरिशसला सैन्य नाही, एवढे खरे आहे; त्यावरून काढलेले हे निष्कर्ष मात्र तपासल्यावर टिकत नाहीत.

नि:शस्त्र असण्याचा मुद्दा आधी घेऊ. सैन्याकडे असणारी बरीचशी कामे मॉरिशसने पोलीस दलातच ठेवली आहेत. ब्रिटिशांची शिबंदी बेटावरून गेल्यानंतर १९६० मध्ये ‘स्पेशल मोबाइल फोर्स’ उभी राहिली. वाकोआ येथे मुख्यालय असलेल्या या तुकडीकडे चिलखती वाहने आहेत, बॉम्ब निकामी करणारे पथक आहे, आणि चक्रीवादळात अडकलेल्यांना सोडवण्यासाठीही तिलाच धाडले जाते. तिच्यातील जवान पोलीसच असतात आणि काही काळाने नेहमीच्या पोलीस कामावर परततात. या रचनेमागे शांततावाद होता, असे मानायलाही आधार नाही. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आलेले असताना, जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईमध्ये दंगली उसळल्या, तेव्हा स्थानिक बळ अपुरे पडल्याने सिंगापूरहून ब्रिटिश सैनिक आणावे लागले होते. हा अनुभव ताजा असलेल्या देशाने शस्त्रे टाकली नाहीत, ती पोलिसांच्या हाती ठेवली. साहजिकच त्यांचा खर्चही पोलिसांच्या तरतुदीतून होतो. ‘संरक्षण’ या शीर्षाखाली रक्कम सापडली नाही म्हणून खर्चच नाही, असे म्हणणे म्हणजे खतावणीचे चुकीचे पान उघडून जमाखर्च तपासणे होय.

पंतप्रधानांच्या हुकुमाविषयीचे विधान सर्वांत दिशाभूल करणारे आहे, कारण त्यात अर्धे सत्य मिसळलेले आहे. राज्यघटनेच्या ७१ व्या कलमानुसार दलाची सूत्रे पोलीस आयुक्तांकडे असतात. सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्था यांविषयी धोरणाचे सर्वसाधारण निर्देश देण्याचा अधिकार पंतप्रधानांना आहे; परंतु दलाचा प्रत्यक्ष वापर कसा करायचा, हे ठरवताना आयुक्त अन्य कोणाच्याही आदेशाने बांधलेले नाहीत, असे तेच कलम सांगते. आयुक्तांची नेमणूकही पंतप्रधानांशी सल्लामसलत करून एक स्वतंत्र सेवा आयोग करतो, आणि खटला चालवायचा की नाही याचा निर्णय ७२ व्या कलमाने सरकारी अभियोग संचालकांकडे दिलेला आहे. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमानुसार दलावरील देखरेख राज्य शासनाकडे असते, हे लक्षात घेतले तर कागदावरची तिथली तरतूद आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट आहे, असेच मला वाटते. सत्ताधाऱ्यांचा प्रभाव प्रत्यक्षात किती पडतो यावर तिथे वाद होतात, पण त्या वादांना आधार मिळतो तो याच तरतुदींचा.

राहिला समुद्र. मॉरिशसची जमीन जेमतेम २,००० चौरस किलोमीटर असली, तरी त्याचे सागरी आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्या समुद्रातील मासे आणि इतर साधनसंपत्तीवर त्याचा हक्क चालतो तो पट्टा, सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे, आणि त्यावर गस्त घालण्याचे काम १९८७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय तटरक्षक दलाकडे आहे. हे दल म्हणजे पोलीस दलाचीच एक शाखा आहे. त्याच्या प्रमुखपदी भारतीय नौदलाचा अधिकारी प्रतिनियुक्तीवर असतो, भारतीय युद्धनौका संयुक्त गस्तीत भाग घेतात आणि नौकाही बहुतांशी भारतात बांधलेल्या आहेत: २०१५ मध्ये दाखल झालेली ‘बाराकुडा’ कोलकात्याच्या गोदीतली, तर २०१६ आणि २०१७ मधील ‘व्हिक्टरी’ व ‘व्हॅलियंट’ या वास्कोच्या गोवा शिपयार्डमधल्या. भारताचा हात मोठा आहे, हे नाकारण्याचे कारणच नाही. तथापि तो प्रतिनियुक्त अधिकारी मॉरिशसच्या पोलीस आयुक्तांच्या अधीन राहून काम करतो, आणि बेकायदा मासेमारीची बोट पकडली जाते ती मॉरिशसच्या कायद्याने.

यादी लिहिणाऱ्यांच्या नजरेतून निसटलेली बाब वेगळीच आहे. ठाण्यातला शिपाई, चिलखती वाहनातला जवान, गस्ती नौकेवरचा खलाशी आणि हेलिकॉप्टर पथक हे सारे एकाच आयुक्ताच्या हाताखाली येतात. मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाला २००२ पासून स्वतःची प्रादेशिक सभा आहे, पण वेगळे पोलीस दल नाही. इतके बळ एका पदाशी एकवटत असेल, तर शंका सैन्याच्या अभावाची नव्हे, देखरेखीची घ्यायला हवी. त्यासाठी २०१६ च्या कायद्याने स्वतंत्र पोलीस तक्रार आयोग निर्माण झाला आणि २०१८ मध्ये त्याचे काम सुरू झाले. हा आयोग पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करून शिफारस करतो. शिक्षा करण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.