फिल्म किती पातळ चालते? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: बेरियम टायटनेटची फिल्म सहा युनिट सेलपेक्षा (सेल म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा), म्हणजे सुमारे २.४ नॅनोमीटरपेक्षा पातळ झाली की फेरोइलेक्ट्रिक गुण, म्हणजे धन-ऋण भार आपोआप अलग सरकून टिकणारं ध्रुवीकरण, संपतो, हे जुंकेरा आणि घोसेझ या संशोधकांनी गणनेतून २००३ मध्येच दाखवलं. मग चार सेलच्या लेड टायटनेटमध्ये आमच्या संगणकीय गणनेला ध्रुवीकरण दिसतं, ती खोट मॉडेलचीच.

आकडा बरोबर आहे, पण तो कोणत्या अटींवर आला ते पाहा. त्या गणनेत दोन्ही बाजूंना स्ट्रॉन्शियम रुथेनेटचे शॉर्ट केलेले इलेक्ट्रोड होते आणि आडवा सुपरसेल (गणनेत पुन्हा पुन्हा मांडलेला खोका) १×१, म्हणजे एकाच सेलएवढा रुंद होता. एवढ्याशा खोक्यात सगळे द्विध्रुव (प्रत्येक सेलमधली धन-ऋण भारांची जोडी) एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. ०.२६ कूलोंब प्रति चौरस मीटर ध्रुवीकरणाचा पृष्ठभार मुळीच झाकला नाही, तर आतलं उलटं क्षेत्र सुमारे २९ व्होल्ट प्रति नॅनोमीटर भरतं! इलेक्ट्रोड त्यातलं बहुतेक झाकतात. उरलेलं मात्र जाडी निम्मी केली की दुप्पट होतं, आणि हे उरलेलं क्षेत्रच ध्रुवीकरणाला मारतं.

२००४ मध्ये फाँग आणि सहकाऱ्यांना तीन सेलच्या लेड टायटनेटमध्ये खोलीच्या तापमानाला ध्रुवीकरण सापडलं. खाली स्ट्रॉन्शियम टायटनेट, इलेक्ट्रोड नाहीत. तिथे आळीपाळीने वर आणि खाली ध्रुवीकरण असलेले पट्टे पडतात आणि शेजारशेजारचे भार एकमेकांना झाकतात. पदार्थ वेगळा आहे हे खरंच, पण १×१ खोक्यात हे पट्टे कोणत्याही पदार्थात दिसणार नाहीत.

आडव्या रुंदीबद्दल मात्र तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. आमच्या लेखातली आकृती सहा सेल रुंद खोक्याची आहे. क्ष-किरणांनी १.६ नॅनोमीटर फिल्ममध्ये पट्ट्यांचा आवर्तकाल ३.७ नॅनोमीटर मोजलाय, म्हणजे नऊ-दहा सेल. आकृतीतला आवर्तकाल खोक्याने लादलेला आहे. त्यावर निष्कर्ष काढू नका. ६, ८, १०, १२, १४ अशा रुंदी घ्या, दर एकक क्षेत्रफळाची ऊर्जा काढा आणि सगळ्यांत खालची निवडा. रुंदी दुप्पट केली की त्या दिशेचे के-पॉइंट (इलेक्ट्रॉनांच्या लहरींचे नमुना-बिंदू) निम्मे करा, नाहीतर तुलनाच फसते. फंक्शनल, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायचं अंदाजी सूत्र, पीबीईसोल ठेवा. पीबीई हे दुसरं सूत्र लेड टायटनेटचा सेल फार ताणतं, उंची-रुंदीचं गुणोत्तर प्रयोगातल्या १.०६ ऐवजी १.२च्या पुढे जातं.

पट्टे असले की सरासरी ध्रुवीकरण शून्यच येतं, म्हणून टायटॅनियमचं विस्थापन प्रत्येक स्तंभात वेगळं काढा. आणि टायटॅनियम नेमका मध्यावर ठेवून सुरुवात करू नका. सममितीमुळे त्याच्यावरचं बल शून्य असतं, प्रोग्राम तिथेच ‘झालं’ म्हणून थांबतो आणि फिल्म निर्ध्रुव असल्याचा भास होतो. प्रत्येक टायटॅनियम ०.१ अँगस्ट्रॉमने वेड्यावाकड्या दिशांना सरकवून मगच रिलॅक्स करा, म्हणजे अणूंना बल शून्य होईपर्यंत सरकू द्या.