शाळा एकत्र करायची तर आधी दोन्ही गावांचं मतदान घ्या

काही वर्षांपूर्वी आमच्या आईनं सरपंच-आमदार सोडून दुसऱ्या कशासाठी तरी पहिल्यांदा मतदान केलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती, एक उभी बाटली आणि एक आडवी. गावातल्या बायकांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या. नियमच तसा आहे. २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं, सह्या खऱ्या निघाल्या, की गुप्त मतदान होतं आणि निम्म्याहून जास्त मतदार आडव्या बाटलीकडे गेल्या की दारूचं दुकान बंद. मतपेटी ठेवली होती झेडपीच्या शाळेत, पहिली-दुसरीच्या खोलीत. आई सकाळी सातलाच इस्त्रीचं लुगडं नेसून तयार होती. दुकान बंद झालं.

आज त्याच खोलीला कुलूप लावायचं चाललंय आणि या वेळी आईला कुणी काही विचारलेलं नाही.

आमच्या शाळेचा पट अकरा. ओढ्यापलीकडच्या गावातल्या शाळेचा नऊ. दोन्ही मिळून एक शाळा करा, असं वरून सांगणं आहे. ही फक्त आमची गोष्ट नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं कमी पटाच्या शाळांचे ‘समूह शाळा’ प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले, तेव्हा वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा राज्यात १४,७८३ होत्या आणि त्यात १ लाख ८५ हजारांवर मुलं शिकत होती. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळच्या समूह शाळांची नावं पुढे होती. नंतर मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निकषांनी छोट्या शाळांतल्या सहावी ते आठवीच्या शिक्षकांच्या पदांवरच गदा आली. शाळेला कुलूप न लावताही ती बंद पाडता येते, हे आम्ही तेव्हा शिकलो.

आता मी जे म्हणणार आहे ते माझ्याच वाडीतल्या काहींना आवडणार नाही. एकत्र शाळा होऊच नये, असं माझं मत नाही. मी तीन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो. तिसरीच्या वर्गात एकटी मुलगी बसलेली मी रोज बघायचो. तिला पाढे म्हणायला जोडीदार नाही, भांडायलाही कुणी नाही. अकरा पोरांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. दोन गुरुजी, त्यातले एक कायम माहिती भरण्यात, नाहीतर ट्रेनिंगला, मग उरलेल्या एकानं पहिली ते पाचवी सांभाळायची. वीस मुलं, चार शिक्षक, एक बरी इमारत आणि दारात गाडी, असं खरंच मिळणार असेल तर मी स्वतः आमच्या शाळेचं सामान ट्रॉलीत भरून देईन.

पण ‘खरंच मिळणार का’ हे ठरवणार कोण?

नकाशावर दोन शाळांमधलं अंतर दीड किलोमीटर दिसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, म्हणजे दीडवर आधीच नियम मोडला. ते सोडा. जुलैत मी माझ्या पुतणीला घेऊन ती वाट चाललो. सात वर्षांची पोर. ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी, साकव दोन वर्षांपूर्वी वाहून गेलेला. तिनं चपला हातात घेतल्या, दप्तर मी डोक्यावर धरलं. पलीकडे गेल्यावर तिच्या घोट्याला दोन जळवा चिकटलेल्या. मीठ नव्हतं, तंबाखूच्या पुडीतला चुना लावून काढल्या. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “काका, रोज असंच यायचं का?” शाळेत पोचायला पन्नास मिनिटं लागली. मोठं माणूस सोबत असताना.

याच वाटेबद्दल आमच्या समितीपुढे एक टाईप केलेला ठराव आला होता. ‘पालकांची संमती आहे’ असं आधीच छापलेलं, फक्त सह्या बाकी. त्या दिवशी बैठकीला आम्ही पाच जण होतो. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. त्या दिवशी एकही बाई नव्हती, कारण भातलावणी चालू होती. मी सही केली नाही. बाकीच्यांनी केली आणि त्यांच्यावर माझा राग नाही. समोर साहेब खुर्चीत बसलेला असताना, घरकुलाचा हप्ता अडकलेला माणूस ‘नाही’ म्हणत नाही.

म्हणून मला ग्रामसभेतलं हात वर करणंही पुरेसं वाटत नाही. गुप्त मतदान पाहिजे, बाटलीसारखं. दोन्ही गावांत, एकाच दिवशी, वेगवेगळ्या पेट्यांत. दोन्हीकडे ‘हो’ निघालं तरच शाळा एक होईल. नाहीतर मोठं गाव लहान गावाला गिळणार, हे ठरलेलं आहे.

हे अशक्य नाही. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात शेजारचे दोन ग्रामीण शाळा-जिल्हे (एका भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) एक करायचे असतील तर आधी अभ्यास होतो, मग लोकांचा कल बघायला एक मतदान आणि त्यानंतर बंधनकारक मतदान. दोघांपैकी एकानं नाकारलं की विषय संपला. तयार होतील त्यांना राज्य पुढे कित्येक वर्षं जादा अनुदान देतं. आपल्या जिल्हा परिषदेसारखं ते नाही, तिथल्या शाळा-जिल्ह्याचं निवडून दिलेलं मंडळ स्वतः कर बसवतं, हे मला माहीत आहे. शेजारच्या व्हरमाँट राज्यात शाळा-जिल्हे एकत्र करायचा २०१५ चा कायदा आला, बऱ्याच गावांनी मतं देऊन एकत्र यायचं ठरवलं आणि जी राहिली त्यांतल्या अनेकांना २०१८ मध्ये राज्य शिक्षण मंडळानं सक्तीनं जोडलं. गावं कोर्टात गेली. तिथे हरली, तरी धुसफूस थांबली नाही. लिंकन नावाचं एक छोटं गाव तर २०२२ मध्ये मतदान करूनच मोठ्या शाळा-जिल्ह्यातून बाहेर पडलं, आपली शाळा हातून जाईल या भीतीनं.

आपल्याकडे माणसांना असं मत मांडायची जागाच नसते, म्हणून २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांना आपली शाळा वाचवायला शेळ्या-मेंढ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर जावं लागलं. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या.’ भाम धरणात आधीच घरदार गेलेल्या लोकांची ही पोरं. ते फोटो आठवले की अजून गळा दाटून येतो.

मतदानाआधी अटी कागदावर हव्यात. साकव आधी, शाळा नंतर. गाडी कोण देणार, पावसाळ्यात दरडीनं रस्ता तुटला तर काय, खिचडी शिजवणाऱ्या दोन ताईंपैकी कुणाचं काम जाणार. तीन वर्षांत हे पाळलं गेलं नाही तर शाळा परत सुरू होणार, हेही त्यात लिहिलेलं पाहिजे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडतोय. मसुदा तयार आहे. काल संध्याकाळी ओढा ओलांडून पलीकडच्या गावात जाऊन आलो. त्यांच्या समितीच्या अध्यक्षा ताईंनी दोनदा वाचून घेतला आणि एक ओळ वाढवायला सांगितली, मतदान भातलावणी आणि कापणीच्या दिवसांत ठेवू नये. ती ओळ मी सगळ्यात वर घातली आहे. ज्यांच्या तालुक्यात असा प्रस्ताव आहे त्यांनी कळवा, मसुदा पाठवतो.